ट्रेलरवर गाडी चढवायला स्वस्तातली इलेक्ट्रिक विंच: कोणती घ्यावी आणि कशी बसवावी?

पद्मिनीवेडा
नमस्कार मंडळी. जुन्या प्रीमियर पद्मिनी शोधून आणायच्या आणि परत रस्त्यावर उभ्या करायच्या, हा माझा सहा वर्षांचा नाद. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. तेव्हापासून तर गोठ्यात, शेडमध्ये पडलेली एखादी पद्मिनी भंगारात चाललीय असं कळलं की मला राहवतच नाही.

गाड्या आणायला कोल्हापुरात उद्यमनगरातून ट्रेलर करून घेतलाय. दोन धुरी, १०० बाय ५० चं सी-चॅनेल, वर चेकर्ड प्लेट. ओढायला बोलेरो. आरटीओची नोंदणी झालेली आहे, तेव्हा तो विषय इथे नको. ट्रेलरचा माथा, म्हणजे गाडी उभी राहते तो भाग, जमिनीपासून २४ इंच, गाडी चढवायच्या फळ्या सहा फुटी. आजवर हँडल मारून दोर गुंडाळायच्या हात-विंचवर भागवलं. गेल्या महिन्यात गडहिंग्लजकडून एक गाडी आणताना तिचे मागचे ब्रेक जाम होते. तिघं मिळून पाऊण तास हँडल मारत होतो. गाडी फळीवर अर्धी आली आणि विंचचा कुत्रा, म्हणजे दात अडवून धरणारी खिटी, दातातून सुटला. हँडल उलटं फिरून माझ्या आतेभावाच्या मनगटावर बसलं. हाड वाचलं, पण त्या दिवसानंतर मी ती विंच हातात घेतलेली नाही.

आता इलेक्ट्रिकच घ्यायची. विंच, वायर, बॅटरी, बसवणं सगळं धरून २५ हजारांत बसायला हवं. बाजारात ओढीच्या ताकदीचे २०००, ३५००, ४५००, ९५०० पाउंड असे आकडे दिसतात. पद्मिनी भरते ९०० किलोच्या आसपास, कधी अँबॅसडर आली तर साडेअकराशे. नेमकी कोणती घेऊ?

घाटमाथा
आधी हिशोब करू, मग बाजारात जाऊ. मी घाटात बंद पडलेल्या गाड्या उचलायचं काम करतो, म्हणून हे रोजचंच.

चढावर गाडी ओढताना तिचं पूर्ण वजन दोरावर येत नाही. तुमचा माथा २४ इंच आणि फळी ७२ इंच, म्हणजे तीनास एक चढ. ९०० किलोचे ३०० किलो दोरावर. चाकं मोकळी फिरत असतील तर त्यात आणखी पंचवीस-तीस किलो. एवढंच असेल तर २००० पाउंडाचीही पुरते, कारण ती ९०० किलो ओढते.

पण जुनी गाडी मोकळी फिरत नाही ना, तिथंच गोम आहे. मागची दोन चाकं जाम असतील तर ती घसटत जातात. रबर आणि कोरडं लोखंड यांच्यात वजनाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास घर्षण धरा. दोन चाकांना तीनशे किलो जास्त, म्हणजे सव्वासहाशे. चारी चाकं जाम असतील तर एकूण ९०० च्या जवळ जातं. चिखलात रुतलेली असेल तर त्याच्याही वर. तुमच्या गाड्या वर्षानुवर्षं पडून असतात, तेव्हा चारी चाकं जाम आहेत असं धरूनच विंच घ्या.

रानवाटा
मग ३५०० पाउंडाची घ्या की. ३५०० म्हणजे जवळपास १५९० किलो. नऊशेच्या पावणेदोनपट झाले.

घाटमाथा
इथंच लोक फसतात. खोक्यावरचा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे दोर जवळजवळ सगळा सोडलेला असतानाचा. दोर गुंडाळत गेला की ड्रम जाड होतो आणि ताकद घटते.

सोपा हिशोब सांगतो. ५० मिलिमीटरचा ड्रम, ६ मिलिमीटरचा दोर. पहिल्या थराचा व्यास ५६ धरा. प्रत्येक थराला १२ वाढतात. पाचव्या थराला झाले १०४. म्हणजे ताकद उरली ५६ भागिले १०४, निम्म्याहून थोडी जास्त. १५९० चे झाले साडेआठशे.

ट्रेलरवर तुमची गाडी विंचपासून फार तर सहा-सात मीटरवर असते आणि विंचसोबत दोर येतो १५ मीटर. म्हणजे निम्मा दोर कायम ड्रमवरच, आणि तुम्ही कायम तिसऱ्या-चौथ्या थरावर. पहिला थर तुमच्या कधी कामालाच येत नाही. म्हणून माझं मत ४५०० पाउंड. ती पहिल्या थराला २०४० आणि पाचव्याला अकराशे ओढते. शिवाय दोर कापून दहा मीटर करा. ड्रमकडचं टोक कापा. हूककडच्या टोकाला कारखान्यातून दाबलेली गाठ असते, तिला हात लावू नका. कापण्याआधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, नाहीतर तारा उलगडतात.

अँबॅसडरसाठी एक पुली जवळ ठेवा. दोर गाडीला लावलेल्या पुलीतून फिरवून परत ट्रेलरच्या चॅनेलला अडकवला की ओढ दुप्पट, वेग निम्मा. त्यात दोर दुप्पट लागतो, तेव्हा पुली बऱ्याचदा वापरणार असाल तर दोर कापूच नका. दोर जास्त सोडला जातो म्हणून थरही कमी राहतात, तो फायदा वेगळाच.

उद्योगी
एक शंका. दुकानात २३० व्होल्टची छोटी इलेक्ट्रिक होइस्ट मिळते, बांधकामावर विटा चढवायला वापरतात ती. इन्व्हर्टर लावून तीच वापरली तर? स्वस्त पडते.

इचलकरंजीकर
नको दादा. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, हा उद्योग करून आलेले दोघं-तिघं माझ्याकडं येऊन गेलेत. ती होइस्ट सरळ उभ्या लटकत्या वजनासाठी बनवलेली असते. आडवी ओढली आणि दोर सैल पडला की ड्रमवरून उतरून बाजूला अडकतो. चालताना मोटर खेचते त्याच्या कितीतरी पट करंट ती सुरू होताना खेचते. इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो, बॅटरीकडून तेवढा करंट तर येणारच. आणि ओल्या शेतात २३० व्होल्ट हातात धरून उभं राहायचं, हे मला तरी पटत नाही.

आता मूळ धाग्याकडं येतो. विंच चांगली घेऊन वायरमध्ये काटकसर केली तर पैसे पाण्यात. ४५०० ची विंच तुमच्या कामाला शंभर-सव्वाशे अँपिअर सहज खाईल. बोलेरोची बॅटरी पुढं, विंच ट्रेलरवर, अंतर सहा मीटर धरा. जायची-यायची मिळून बारा मीटर तांबं. १६ स्क्वेअर मिलिमीटरची केबल टाकली तर १२० अँपिअरला दीड व्होल्टच्या वर वायरमध्येच जातात. बॅटरी स्वतः लोडखाली साडेअकरावर येते. मोटरला दहासुद्धा मिळत नाहीत. मोटर हळू फिरते, जास्त तापते आणि सगळे म्हणतात विंच भिकार. ३५ स्क्वेअरला तेच नुकसान पाऊण व्होल्टच्या आत राहतं.

म्हणून माझा सल्ला, बॅटरी ट्रेलरवरच बसवा. विंचपासून दीड मीटरवर. मग २५ स्क्वेअरची केबलही पुरते. वेल्डिंगची केबल घ्या, ती लवचिक असते आणि कोल्हापुरात कुठंही मिळते. केबलच्या टोकाची लग हातोड्यानं ठोकून नाही, हायड्रॉलिक पंचनं दाबून घ्यायची. ट्रकला असतो तो मास्टर कट-ऑफ, म्हणजे सगळा करंट तोडणारा स्विच, प्लसमध्ये. बॅटरीपासून फूटभराच्या आत २०० अँपिअरचा फ्यूज.

एका खेपेला किती बॅटरी जाते? १२० अँपिअर, चार मिनिटं, म्हणजे ८ अँपिअर-अवर. ६५ एएचची जुनी डिझेल गाडीची बॅटरी असेल आणि धड असेल तर दिवसात तीन गाड्या आरामात. घरी आल्यावर चार्जरला लावायची.

पद्मिनीवेडा
बोलेरोतून चालता चालता चार्ज करता येईल का? ट्रेलरच्या लाइटचा सॉकेट आहेच.

इचलकरंजीकर
येईल, पण लाइटच्या वायरीतून नको. वेगळी ४ स्क्वेअरची जोडी टाका आणि दोन्ही टोकांना २० अँपिअरचे फ्यूज. विंच चालवण्याआधी ती जोडी काढायची, अगदी न चुकता. नाहीतर विंच सुरू झाली की बोलेरोची बॅटरीही त्या बारीक वायरीतून करंट ढकलू पाहते आणि फ्यूज जातात. निगेटिव्हसुद्धा वेगळी ओढा. बोलेरोला ट्रेलर जोडायच्या गोळ्यातून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका, तिथं ग्रीस आणि गंज दोन्ही असतात.

सह्यमित्र
कट-ऑफवर मी माझं सांगतो, कारण त्यानं माझी गाडी वाचली. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक विंच मागवली. पहिल्या पावसाळ्यानंतर जीप चढवत होतो, बॅटरी जरा उतरलेली. रिमोटचं बटण सोडलं तरी विंच थांबेना. जीप पुढच्या अडणीला लागली, दोर तारेसारखा ताणला, ट्रेलरचं तोंड वाकायला लागलं. मी बॅटरीच्या पेटीपाशीच उभा होतो म्हणून हात कट-ऑफवर गेला. नंतर सोलेनॉइड, म्हणजे मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, उघडला तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले, वेल्ड झाल्यासारखे. व्होल्टेज कमी पडलं की सोलेनॉइड पूर्ण दाबून बसत नाही, थरथरतो, ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट जळून चिकटतात. या विंचना शेवटी आपोआप थांबायची सोय नसते. कट-ऑफ हात पुरेल तिथं हवा, पेटीच्या आत झाकणाखाली नको.

दर्या_मालवण
आमचा धंदा नौकांचा, ट्रेलर खाऱ्या पाण्यात जातो. दोन गोष्टी सांगतो.

स्टीलचा दोर की सिंथेटिक? सिंथेटिक हलका, हाताला टोचत नाही, तुटला तर वायररोपइतका उसळत नाही. पण त्याला ऊन आणि धारदार कड दोन्ही सोसत नाहीत. प्लॅनेटरी गिअरच्या विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आतच असतो. जड गाडी उलटी सोडताना ड्रम तापतो, आणि सिंथेटिकचा आतला थर त्यानं खराब होतो. तुमच्या बजेटात आणि चेकर्ड प्लेटवर घासण्याच्या कामात वायररोपच बरा. फक्त चामडी हातमोजे घाला, तुटलेली एक तार तळहात फाडते. दोर ताणात असताना त्यावर मधोमध ओलं गोणपाट टाका. आणि कुणीही, अगदी कुणीही, दोर ओलांडायचा नाही.

दुसरं, ड्रमवर निदान पाच वेढे कायम राहिले पाहिजेत. दोराचं टोक ज्या बारक्या स्क्रूनं ड्रमला धरलेलं असतं तो ओढ घेत नाही, ओढ घेतात ते वेढे.

रानवाटा
मला अजूनही वाटतं, एकदाच ९५०० ची घ्या आणि विषय संपवा. उद्या स्कॉर्पिओ ओढायची वेळ आली तर?

घाटमाथा
माझ्या रिकव्हरीच्या गाडीवर ९५०० च आहे, तिला नाव ठेवत नाही. पण ती स्वतःच पस्तीस-चाळीस किलोची. पूर्ण लोडला साडेतीनशे-चारशे अँपिअर ओढते, त्यासाठी बॅटरी मोठी, केबल जाड, सगळंच महाग. शिवाय तिला सवाचार टनाची ओढ आहे. एवढी ताकद हातात असली की गाडी कुठं अडकलीय ते कुणी बघत नाही, बटण दाबून धरतात. पद्मिनीचा पुढचा भाग असा वाकलेला मी पाहिलाय. ४५०० आणि एक पुली, यात त्यांचं काम होतं आणि पैसेही उरतात.

अपर्णा_बर्मिंगहॅम
इथे इंग्लंडमध्ये जुन्या गाड्या ट्रेलरवरून प्रदर्शनाला न्यायची पद्धत आहे. माझा नवरा आणि मी १९६० च्या दशकातली एक छोटी गाडी अशीच नेतो. विंच कुठे बसवायची हे ठरवताना इथे पहिला प्रश्न असतो तो ट्रेलरच्या तोंडावर किती वजन पडतं याचा. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के तोंडावर हवं. कमी पडलं तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ते फार भीतिदायक असतं. पद्मिनीवेडादादा, तुमचा ट्रेलर आणि गाडी मिळून साडेचौदाशे किलो असेल तर सत्तर ते शंभर किलो.

म्हणून विंच इतकी पुढे हवी की गाडी हवी तेवढी पुढे-मागे सरकवता येईल. आम्ही एकदा काटा लावून मोजलं आणि पुढच्या चाकांच्या जागी रंगाने रेघ मारून ठेवली. आता गाडी रेघेवर आली की थांबायचं.

आणि कृपा करून विंचच्या भरवशावर गाडी नेऊ नका. चढवल्यावर चारी चाकांना रॅचेट बेल्ट, मग दोर सैल.

घाटमाथा
अपर्णाताईंच्या शेवटच्या ओळीशी शंभर टक्के सहमत. विंचचा ब्रेक गाडी चढावर चार मिनिटं धरायला असतो, खड्ड्यातून शंभर किलोमीटर न्यायला नाही.

पद्मिनीवेडा
सगळ्यांचे मनापासून आभार. ४५०० पाउंडाची मागवली. आता बसवण्याबद्दल. ट्रेलरच्या तोंडाचं चॅनेल जमिनीपासून १८ इंचांवर आहे आणि माथा २४ वर. विंच चॅनेलवर बसवली तर दोर माथ्याच्या पुढच्या कडेला घासतो. म्हणून दहा इंचांचं स्टँड करायचं ठरवतोय. ६ मिलिमीटरची प्लेट, खाली दोन पाइपचे पाय. चालेल?

लोहार_गल्ली
भावा, पाय नुसते उभे नकोत. मी ३० वर्षं फॅब्रिकेशन करतोय. चॅनेलला चिकटून बसलेली विंच ओढली तर ओढ आणि बोल्ट यांच्यात दोन-अडीच इंचांचं अंतर. दहा इंच वर नेलीस की तेच अंतर बारा इंचांवर जातंय. टनाच्या ओढीला पायाच्या वेल्डवर लई जोर येतो, पाच पट म्हण. वेल्ड मागच्या बाजूनं दबतोय आणि पुढच्या बाजूनं उघडतोय.

असं कर. प्लेट ८ मिलिमीटरची घे. पायाला पाइप नको, ७५ बाय ४० चं चॅनेल घे, दोन्ही पाय तोंडाच्या दोन्ही बाजूच्या चॅनेलवर बसू देत, मधल्या एकट्या आडव्या पट्टीवर नको. आणि दोन तिरके टेकू. गाडी मागं आहे, विंच मागं ओढली जाणार, म्हणून टेकू पायांच्या मागच्या अंगानं खाली माथ्याच्या पहिल्या आडव्या चॅनेलला आणून मिळव. दोराला मधून वाट राहील एवढं बघ. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते बघूनच घे. वेल्डिंग करताना विंच आणि बॅटरी दोन्ही काढून बाजूला ठेव.

पद्मिनीवेडा
दोन महिन्यांनी परत येतोय, कामाचं सांगतो.

लोहार_गल्लीकाकांनी सांगितलं तसंच स्टँड केलं. बॅटरी ६५ एएच, फायबरच्या पेटीत, पट्टीनं आवळून. कट-ऑफ पेटीच्या बाहेर, डाव्या अंगाला, मी जिथं उभा राहतो तिथं. खर्च २४ हजार ३०० झाला, कारण बॅटरी आणि पुली मित्राकडून जुनी मिळाली.

पहिल्याच दिवशी एक चूक लक्षात आली, ती इथं कुणी बोललं नव्हतं. गाडी जमिनीवर असते तेव्हा दोर विंचपासून खाली तिरका येतो आणि माथ्याच्या मागच्या कडेवर टेकतो. पहिल्या दोन खेपांत चेकर्ड प्लेटच्या कडेला दोरानं बोटभर खाच पाडली आणि दोराच्या चार-पाच तारा कुसळासारख्या उभ्या राहिल्या.

आणि नवा दोर ड्रमवर ढिला गुंडाळून आलेला होता. तसाच वापरला. ओढ आल्यावर वरचा वेढा खालच्या ढिल्या वेढ्यांत घुसून बसला, सोडवताना घाम फुटला. नंतर पाच वेढे ठेवून सगळा उलगडला, मोकळी बोलेरो हलक्या चढावर उभी केली आणि तिला ओढत ओढत परत घट्ट गुंडाळला.

दर्या_मालवण
मागच्या कडेला नौकेच्या ट्रेलरचा रबरी रोलर बसवा. मधोमध, माथ्याच्या एक इंच वर. आमच्याकडं नौकेचा कणा त्याच्यावरून सरकतो. ज्या ठिकाणी तारा तुटल्यात तो दोर मात्र बदला.

पद्मिनीवेडा
दोर बदलला, रोलरही बसवला. मग काल आजऱ्याहून गाडी आणली. १९८० च्या दशकातली, फिकट निळी, चौदा वर्षं फणसाच्या झाडाखाली. पुढच्या बंपरला काही बांधायचं नाही, तो हातात येतो. रुंद पट्टा पुढच्या सस्पेन्शनच्या दोन्ही खालच्या आर्मभोवती घेतला, दोन्ही टोकं एका डी-शॅकलमध्ये (पिनेच्या लोखंडी कडीत), दोर त्याला. गिअर न्यूट्रल. आतेभाऊ ठोकळा घेऊन मागच्या चाकाशेजारी, बाजूला उभा. मागचं डावं चाक फिरतच नव्हतं. घसटत, कुईकुई करत गाडी फळीवर आली. मी दर मीटरभरानं बटण सोडत होतो, मोटरवर हात ठेवून बघत होतो, गरम लागली तर थांबत होतो. पुढची चाकं रेघेवर यायला थांबण्यासकट नऊ मिनिटं लागली. मग चारी चाकांना बेल्ट, दोर सैल, कट-ऑफ बंद.

गाडीचा मालक ऐंशीच्या घरातला. गाडी वर चढेपर्यंत दारातच उभा होता. बोलेरो सुरू केल्यावर जवळ आला, पद्मिनीच्या काचेवरून एकदा हात फिरवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. चौदा वर्षं ती त्यांच्या देवघरात होती.

नवशिका_सांगली
वाचून फार बरं वाटलं. मीही ट्रेलर करतोय. स्टँडच्या प्लेटची मापं देता का?

पद्मिनीवेडा
देतो की. प्लेट १२ बाय ७ इंच, ८ मिलिमीटर. भोकं आधी पाडू नका. विंच हातात आल्यावर तिचे पाय प्लेटवर ठेवून खुणा करा, प्रत्येक कंपनीचं अंतर वेगळं निघतं. माझी पहिली प्लेट त्यानंच वाया गेली. रविवारी दुपारनंतर मी शेडवर असतो, कोल्हापूरला आलात तर स्टँड प्रत्यक्ष बघून जा.